कुबड्या घेऊन विमानप्रवास

शीळफाट्यावर सकाळी नऊच्या सुमारास उभे राहून पाहावे. कल्याणकडून येणाऱ्या गाड्या, मुंब्रा बायपासवरून उतरणारे कंटेनर, महाप्याकडे निघालेल्या कंपन्यांच्या बसगाड्या, पनवेलच्या अंगाने आलेले ट्रक, सगळे एकमेकांची वाट अडवून उभे. हा फाटा मी गेली तीस वर्षे दोन कुबड्यांवर ओलांडतो आहे. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून उजवा पाय नावापुरता आहे. माझी अशी पक्की समजूत होती की, ज्याला शीळफाटा ओलांडता आला त्याला जगात कोठेही जाता येईल. ती समजूत विमानतळाने दुरुस्त केली.

तिथे खड्डे नाहीत, धूळ नाही, कोणी हॉर्न वाजवीत नाही. उलट जो तो अदबीने बोलतो. पण त्या अदबीअदबीत आपल्या कुबड्या हातातून केव्हा गेल्या, हे कळतसुद्धा नाही.

हा विषय आज निघण्याचे कारण आमच्या शेजारच्या वहिनी. जिन्यात पाय घसरला, घोट्याजवळ हाड मोडले, गुडघ्यापर्यंत प्लास्टर आले. मुलगा बंगळूरला. त्याने ‘आई, इकडेच ये’ म्हणून परस्पर तिकीटच काढून पाठवले. वहिनी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “भावोजी, तुम्ही यातले जुनेजाणते. मला एवढंच सांगा, विमानात कुबड्या नेऊ देतात का हो?”

नेऊ देतात. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि तुमच्या सामानाच्या वजनातही त्या धरायच्या नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात, त्याचे अपंग आणि हालचाल मर्यादित असलेल्या प्रवाशांसाठी वेगळे नियम आहेत. 2008 साली ते आले, 2014 साली नव्याने लिहिले गेले, पुढे त्यांत दुरुस्त्या झाल्या. यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, हे नियम माझ्यासारख्या कायमच्या कुबडीवाल्याला जसे लागू आहेत, तसेच वहिनींसारख्या दीड महिन्याच्या कुबडीवाल्यालाही. “मी काही अपंग नाही, मग मी कशी मागू?” असे वहिनींना वाटत होते. मागावे. संकोच करू नये.

मी संकोच केला होता, त्याची गोष्ट सांगतो. 2011 साली माझा थोरला भाऊ नागपूरला इस्पितळात होता. आगगाडीने रात्र जाणार, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा विमानाचे तिकीट काढले. विमानाच्या दारापाशी एका मुलीने गोड हसून माझ्या लाकडी कुबड्या घेतल्या. “सर, या लांब आहेत, खाली सामानात ठेवतो, उतरताना दारातच मिळतील.” मी दिल्या. नागपूरला सगळे उतरले, सफाईवाले आत आले, त्यांनी माझ्या पायाखालचे कागद गोळा केले, तरी कुबड्या आल्या नाहीत. त्या इतरांच्या बॅगांबरोबर पट्ट्यावर फिरत होत्या. चाळीस मिनिटे मी त्या रिकाम्या विमानात बसून राहिलो. शेवटी दोघा पोरांनी एकाने काखेत आणि एकाने पायाशी धरून मला शिडीवरून खाली आणले. इस्पितळात पोचलो तोवर भेटीची वेळ संपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाजवळ गेलो, तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. पुढे आला नाही.

कोणी माझ्याशी वाईट वागले असे मी म्हणणार नाही. ती मुलगी नम्र होती, ती पोरेही बिचारी जपून उचलत होती. पण तिने माझे सामान घेतले नव्हते, माझे पाय घेतले होते, आणि हे तिला सांगायला मला सुचले नाही.

आता क्रमाने बोलू, म्हणजे मला जमेल तितके क्रमाने.

तिकीट काढतानाच, किंवा निदान उड्डाणाच्या 48 तास आधी, विमान कंपनीला कळवायचे की प्रवासी कुबड्यांवर आहे आणि चाकाची खुर्ची लागेल. ही खुर्ची विनामूल्य मिळते. पण नुसते ‘व्हीलचेअर पाहिजे’ म्हणून भागत नाही. विमानवाल्यांच्या भाषेत या खुर्चीचे तीन प्रकार आहेत आणि ते इंग्रजी अक्षरांनी ओळखतात. शेवटचे अक्षर ‘आर’ असेल तर अर्थ असा की, हा माणूस जिना चढतो-उतरतो, त्याला फक्त लांबचे अंतर चालवत नाही. ‘एस’ म्हणजे जिना जमत नाही, पण विमानाच्या आत आसनापर्यंत चालेल. आणि ‘सी’ म्हणजे आसनापर्यंतही नेऊन बसवावे लागेल. फोनवरचा माणूस घाईत असला की बहुतेकांना ‘आर’ लिहून टाकतो. मग विमान दूर मैदानात उभे असले, म्हणजे बसने नेऊन शिडीशी सोडतात आणि वीसेक पायऱ्या आ वासून समोर. कुबडीवाल्याने बहुधा ‘एस’ सांगावे. ‘एस’ लिहिलेले असले की शिडीऐवजी उचलून वर नेणाऱ्या गाडीची, म्हणजे अँब्युलिफ्टची, सोय आधीपासून ठरवता येते. वहिनींना हे मी कागदावर लिहून दिले, कारण फोनवर बोलताना माणूस गोंधळतो.

छोट्या गावांना जाणारी एटीआर जातीची विमाने असतात, त्यांचे प्रकरण वेगळे. त्यांत मागच्या दारालाच पायऱ्या जोडलेल्या असतात. पायऱ्या मोजक्याच, पण अरुंद, आणि धरायला हलका कठडा. अशा विमानाचे तिकीट असेल तर ते आधी विचारून घ्यावे आणि अँब्युलिफ्ट लागेल का, याचा विचार घरीच करावा.

प्लास्टरवाल्यांना एक इशारा. विमान वर गेले की आतली हवा जमिनीवरच्यासारखी राहत नाही, सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावी तेवढी विरळ होते. अशा हवेत कोंडलेला वायू सुमारे पाव ते एक तृतीयांश फुगतो. नव्या प्लास्टरखाली थोडी हवा अडकलेली असते, शिवाय ताज्या मोडलेल्या हाडाभोवती सूज असते. प्लास्टर घट्ट, आत जागा नाही, मग रक्ताभिसरणाला अडथळा होऊ शकतो. म्हणून दोन तासांच्या आतला प्रवास असेल तर प्लास्टर घातल्यापासून 24 तास आणि त्याहून लांबचा असेल तर 48 तास थांबावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. जाणे भागच असेल तर डॉक्टर प्लास्टर उभे चिरून देतात. काही कंपन्या ताज्या मोडीला डॉक्टरांचा दाखला मागतात, तोही खिशात असू द्यावा. वहिनींचे प्लास्टर बारा दिवसांचे होते, त्यामुळे हा प्रश्न मिटला. राहिली रक्ताच्या गुठळीची भीती. पाय फार वेळ लटकत ठेवू नये, दुसऱ्या पायाचा घोटा हलवीत राहावे, पाणी प्यावे आणि ज्याला आधी असा त्रास झाला असेल त्याने डॉक्टरांना विचारूनच निघावे. पाणी प्यावे हे मुद्दाम सांगतो, कारण कुबडीवाला हटकून पाणी टाळतो. विमानातले संडास म्हणजे उभे कपाट, तिथे जायचे नको म्हणून आम्ही सकाळपासून कोरडे बसतो. त्यापेक्षा विमानात चढण्याआधी विमानतळावरच्या अपंगांसाठीच्या मोठ्या संडासात जाऊन यावे. खुर्ची ढकलणाऱ्याला तसे स्पष्ट सांगावे, लाजू नये.

आता निघण्याची वेळ. आपल्या भागातल्या लोकांसाठी इथे एक नवा घोटाळा उत्पन्न झाला आहे. पूर्वी विमानतळ म्हटला की सांताक्रूझ किंवा सहार, दुसरा नव्हताच. तसे म्हटले तर शीळफाट्याला सर्वांत जवळची धावपट्टी नेवाळीची, पण ती दुसऱ्या महायुद्धातली, तिच्यावरून तुमच्याआमच्यासाठी विमान कधी सुटले नाही. 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि 25 डिसेंबर 2025 पासून तिथून उड्डाणे सुरू झाली. आपल्याला तो सोयीचा. महाप्याहून किंवा तळोजे-कळंबोलीच्या अंगाने जाता येते, ऐरोलीचा पूल आणि पवईची गर्दी लागत नाही. पण तिकिटावर नुसते ‘मुंबई’ वाचून गाडीत बसू नका. ‘बी ओ एम’ अशी अक्षरे असतील तर जुना विमानतळ, ‘एन एम आय’ असतील तर नवा. जुना असेल तर टर्मिनल एक की दोन, हेही पाहा. धडधाकट माणूस चुकीच्या ठिकाणी उतरला तर धावतपळत सावरून घेईल, आपल्याला ते जमणार नाही. आणि शीळफाट्याच्या वाहतुकीसाठी एक तास वेगळा काढून ठेवा. इथून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत 21 किलोमीटरचा बुलेट ट्रेनचा बोगदा होतो आहे, त्यातले 7 किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून, हे खरे आहे. पण सध्या तरी आपल्याला वरूनच जायचे आहे.

विमानतळाच्या दाराशी पोचलात की खुर्ची मागा. इथे मला माझ्या जातीच्या लोकांशी, म्हणजे जुन्या कुबडीवाल्यांशी, थोडे भांडायचे आहे. आम्हाला खुर्चीत बसणे कमीपणाचे वाटते. “मी चालतो की!” हे आमचे पालुपद. कबूल, चालतो. लोकलच्या अपंगांच्या डब्यात चढतो, जिने चढतो. पण मोठ्या टर्मिनलमध्ये दारापासून विमानापर्यंत चालत जाणे म्हणजे डोंबिवली स्टेशनाच्या सगळ्या फलाटांना प्रदक्षिणा घालण्यासारखे आहे. फरशी आरशासारखी, पुसलेली असली तर ओली, आणि कुबडीच्या तळाचा रबर झिजलेला असला तर त्या फरशीवर कुबडी केव्हा सटकेल याचा नेम नाही. प्रवासाला निघण्यापूर्वी तो रबर बदलावा. पन्नासशंभर रुपयांची गोष्ट, पण माझा एक मनगटाचा सांधा तिच्यापायी गेला आहे.

आणि खुर्ची नाही म्हणाले, थांबा म्हणाले, तर थांबा. फेब्रुवारी 2024 मधली मुंबईची घटना पुष्कळांच्या वाचनात आली असेल. न्यूयॉर्कहून आलेले ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ, त्यांनी पत्नीसाठी आणि स्वतःसाठी खुर्ची नोंदवलेली होती. खुर्ची एकच मिळाली. पत्नीला बसवून ते स्वतः तिच्या बाजूने चालत निघाले, वाटेत कोसळले आणि त्यातच त्यांचे प्राण गेले. डीजीसीएने एअर इंडियाला 30 लाख रुपये दंड केला. पत्नीला एकटी पुढे जाऊ देणे त्यांच्या जिवावर आले असेल, दुसरे काय. पण म्हणूनच सांगतो, खुर्ची तुमची आहे, ती येईपर्यंत विमानतळाला वाट पाहू द्या.

खुर्चीत बसलात तरी कुबड्या मांडीवर आडव्या धरा. मागे सामानाच्या गाडीवर टाकू देऊ नका. दोन्ही कुबड्यांवर नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिकटपट्टी लावा. खुर्ची ढकलणाऱ्या मुलाला त्याचे नाव विचारा. “मी पाच मिनिटांत येतो” म्हणून तो गेला, तर नाव घेऊन हाक मारता येते. ही पोरे दिवसभरात किती मैल चालत असतील कोण जाणे, त्यांना चार शब्द प्रेमाने बोललात तर ती जीव लावून नेतात, असा माझा अनुभव आहे.

तपासणीच्या ठिकाणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान असतात. कुबड्या क्ष-किरण यंत्रातून जातात, त्यांना नाही म्हणता येत नाही. कुबडीच्या नळीत काय आहे ते पाहणे त्यांचे कर्तव्यच आहे. पण कुबड्या देण्याआधी “मला त्यांच्याशिवाय उभे राहता येत नाही, आधी बसायला द्या” हे मोठ्याने म्हणायचे. हातचे सोडण्याआधी दुसरे धरायचे, पोहायला शिकताना सांगतात ना, तसे. तपासणी बसल्याबसल्या होते. प्लास्टर हातांनी आणि यंत्राने तपासतात. बायकांची तपासणी पडद्याआड बाईच करते. कृत्रिम पाय असलेल्यांची गाऱ्हाणी या बाबतीत अधिक आहेत. नर्तकी-अभिनेत्री सुधा चंद्रन, 1981 सालच्या अपघातात पाय गमावून जयपूर फुटावर पुन्हा नाचलेल्या, त्यांना प्रत्येक विमानतळावर पाय काढून दाखवायला सांगत. ऑक्टोबर 2021 मध्ये त्यांनी पंतप्रधानांना उद्देशून जाहीर विनवणी केली, तेव्हा सुरक्षा दलाने त्यांची माफी मागितली आणि असा अवयव अपवादात्मक परिस्थितीतच काढायला लावायचा असतो, असे सांगितले. सुधाबाईंना माफी मिळाली, तुम्हाआम्हाला नियम माहीत असला म्हणजे पुरे.

विमानाच्या दारात मात्र खरी परीक्षा. मधली वाट किती रुंद असते? आसनांच्या हातांच्या उंचीपर्यंत किमान 15 इंच आणि त्याच्या वर किमान 20 इंच, असा विमान बांधणाऱ्यांचा दंडक आहे. प्रत्यक्षात दोन-चार इंच अधिक सापडतात. दोन कुबड्या काखेत घेऊन सरळ चालायला यात जागा नाही. म्हणून एक कुबडी मागच्या माणसाकडे द्यायची, दुसरी पुढे टेकायची आणि मोकळ्या हाताने आसनांच्या पाठी धरीत तिरके तिरके जायचे. यासाठी सर्वांच्या आधी चढणे बरे. खुर्चीवाल्यांना तसे आधी सोडतातही. संकटकालीन दाराजवळची ऐसपैस ओळ आपल्याला मिळणार नाही, तिथे बसणाऱ्याला वेळ आली तर दार उघडावे लागते. पुष्कळदा खिडकीची जागा देतात, तीही त्याच विचाराने, की पळापळीत इतरांची वाट अडू नये. राग मानण्यासारखे त्यात काही नाही. वाटेकडच्या काही आसनांचा हात वर उचलता येतो. त्याची कळ हाताच्या खाली, पाठीच्या बाजूला, लपवून बसवलेली असते. हवाई सेविकेला विचारा, ती दाखवील. हात उचलला की सरकून बसता येते.

आता कुबड्या. विमान चढताना आणि उतरताना त्या हातात धरता येत नाहीत. वरच्या कप्प्यात ठेवतात किंवा आसनाखाली आडव्या बसतात का ते पाहतात. दोन्हीही चालतील. पण ‘खाली सामानात’ हे शब्द ऐकले की थांबा आणि शांतपणे म्हणा, “कुबड्या सामान नाहीत, त्या माझ्या चालण्याचे साधन आहेत, त्या आतच राहतील.” जागा खरोखरच नसेल, तर कोठे ठेवणार आणि उतरताना दारात कोण आणून देणार, हे विमान हलण्याआधी ठरवून घ्या. लांब लाकडी कुबड्यांपेक्षा घडीच्या किंवा लांबी कमी करता येणाऱ्या अॅल्युमिनियमच्या कुबड्या यासाठी सोयीच्या. मी स्वतः 2011 नंतर त्याच घेतल्या.

एवढे सांगून झाल्यावर वहिनींनी विचारलेच, “आणि आमचं ऐकलंच नाही तर? खालीच उतरवलं तर?”

उतरवल्याचे उदाहरण आहे. 19 फेब्रुवारी 2012. जीजा घोष नावाच्या कोलकात्याच्या बाई, सेरेब्रल पाल्सी असलेल्या, गोव्याला निघाल्या होत्या. मुंबईच्या ‘अॅडॅप्ट’ या संस्थेने अपंगांच्या प्रश्नांवर तिथे आंतरराष्ट्रीय परिषद भरवली होती, तिचे त्यांना निमंत्रण होते. बाई आसनावर बसल्या होत्या. वैमानिकाच्या सांगण्यावरून त्यांना खाली उतरवले. परिषद बुडाली. बाई आणि संस्था दोघेही सर्वोच्च न्यायालयात गेले. 12 मे 2016 ला निकाल लागला आणि कंपनीने दहा लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश झाला. चार वर्षे लागली खरी. पण अपंग प्रवाशाला सन्मानाने नेणे ही मेहेरबानी नव्हे, तो त्याचा हक्क आहे, हे त्या निकालाने कायमचे लिहून ठेवले. मे 2022 मध्ये रांचीला एका अपंग मुलाला विमानात घेतले नाही, त्या कंपनीला पाच लाखांचा दंड झाला आणि त्याच वर्षी नियम आणखी घट्ट केला गेला. अपंगत्व आहे म्हणून कोणाला नाकारता येत नाही. वाटेत प्रकृती बिघडेल अशी शंका असेल तर डॉक्टरने प्रवाशाला समक्ष तपासून मत द्यावे लागते, आणि तरीही नाकारलेच तर कारणे लेखी द्यावी लागतात. तेव्हा वाद घालण्यात दम घालवू नका, “लेखी द्या” एवढे दोनच शब्द म्हणा. तक्रार करायची असेल तर सरकारच्या ‘एअरसेवा’वर करता येते.

उतरताना घाई करू नये. सगळे जाऊ द्यावेत, खुर्ची दारात आली का ते विचारावे आणि मगच उठावे. खुर्ची पट्ट्यापाशी थांबू देऊ नका. गाडीच्या दारापर्यंत न्यायला सांगा, कारण टॅक्सी उभी असते तिथपर्यंतचे अंतर आतल्या अंतराइतकेच नडते. परतीच्या तिकिटासाठी सगळे पुन्हा कळवावे लागते. जाताना सांगितले होते म्हणून येताना आपोआप होईल, या भरवशावर राहू नये.

वहिनी गेल्या मंगळवारी गेल्या. रात्री मुलाच्या फोनवरून बोलल्या. खुर्ची वीस मिनिटे उशिरा आली म्हणे, वरच्या कप्प्यात कोणाची तरी गिटार होती म्हणून कुबड्या मागच्या कप्प्यात ठेवाव्या लागल्या, पण आतच राहिल्या. “आणि भावोजी,” त्या म्हणाल्या, “ते ‘एस’ मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी लिहून घेतलं.”